सिंहासन नसलेला कर्णधार : कर्नल सी. के. नायडू

१४ नोव्हेंबर हा दिवस देशभर बालदिन म्हणून साजरा होतो. याच तारखेला, १९६७ साली, इंदूर येथे कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू यांनी अखेरचा श्वास घेतला, याची आठवण मात्र फार थोड्यांना होते. भारताचे पहिले कसोटी कर्णधार, एवढी एका ओळीची ओळख सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून शिल्लक राहिली आहे. गोव्याचे तरुण क्रिकेटपटू दरवर्षी ज्या सी. के. नायडू करंडकासाठी मैदानात उतरतात, त्या करंडकावरील नावामागचा माणूस कोण होता, त्याने काय मिळवले आणि त्याला काय नाकारले गेले, हे जाणून घेण्यासारखे आहे. कारण नायडूंची कथा केवळ धावा आणि बळींची नाही. खेळातील नेतृत्व जन्माने मिळावे की गुणांनी, हा प्रश्न ज्या काळात उघडपणे विचारणेही अवघड होते, त्या काळात बॅटच्या बळावर त्याचे उत्तर देणाऱ्या माणसाची ती कथा आहे.

नागपूरचे बालपण

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे एका सुस्थितीतील तेलुगू कुटुंबात झाला. आजोबा नारायणस्वामी नायडू नागपुरातील नामवंत वकील आणि जमीनदार होते. वडील सूर्यप्रकाशराव शिक्षणासाठी इंग्लंडला गेले, केंब्रिजमध्ये शिकले आणि बॅरिस्टर होऊन परतले. रणजितसिंहजी हे तेथे त्यांचे समकालीन होते. त्यामुळे क्रिकेट या घरात परका खेळ म्हणून आले नाही. मुलांना विकेट, बॅट आणि मोकळे अंगण लहानपणापासून मिळाले. पुढे धाकटे बंधू सी. एस. नायडू हेही भारताकडून कसोटी सामने खेळले, यावरून त्या घरातील वातावरणाची कल्पना येते.

सी. के. यांचे शिक्षण नागपुरातच झाले. सहा फुटांहून अधिक उंची, ताठ कणा, सडपातळ पण काटक शरीर आणि चालण्यात एक लष्करी डौल, ही त्यांची लक्षणे तरुणपणीच लोकांच्या नजरेत भरू लागली. त्या काळी हिंदुस्थानातील क्रिकेटचे सर्वांत मोठे व्यासपीठ म्हणजे मुंबईचे चौरंगी सामने. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ त्यांत खेळत. खेळाची विभागणी धर्माने आणि वंशाने झालेली होती. तरीही याच सामन्यांनी हजारो प्रेक्षकांना क्रिकेटचे वेड लावले, हेही तितकेच खरे.

१९१६ साली नायडू हिंदू संघातून युरोपियनांविरुद्ध पहिल्यांदा प्रथम दर्जाचा सामना खेळले. ते खेळपट्टीवर आले तेव्हा संघाची अवस्था ७ बाद ७९ अशी बिकट होती. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि चौथा थेट सीमेबाहेर भिरकावला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील त्यांची पहिली धाव अशी षटकारानेच आली. पुढील चार दशके हा माणूस कसा खेळणार आहे, याची जणू ती नांदीच होती.

इंदूरचे बोलावणे

खेळाडूला पोट असते आणि त्या काळात क्रिकेट पोट भरत नव्हते. श्रीमंत पारशी पेढ्या, रेल्वे आणि संस्थानिकांचे दरबार हेच खेळाडूंचे आश्रयदाते होते. १९२३ साली इंदूरचे अधिपती तुकोजीराव होळकर यांनी नायडूंना आपल्याकडे बोलावून घेतले आणि संस्थानच्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले आणि ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

मल्हारराव आणि अहिल्याबाईंचा वारसा सांगणारे इंदूर हे माळव्यातील मराठी वळणाचे शहर. राजवाड्याच्या परिसरात मराठी बोली, मराठी सणवार आणि मराठी शाळा यांचा वावर होता. कलांना तेथे उदार आश्रय मिळे. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे चित्रकार याच शहरात घडले. नागपुरात वाढलेल्या नायडूंना हे शहर मानवले. जन्म नागपूरचा असला तरी त्यांची कर्मभूमी इंदूरच ठरली आणि उरलेले आयुष्य त्यांनी या शहराशी बांधून घेतले.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यायला हवी. राजेमहाराजांच्या हातून क्रिकेटचे नेतृत्व काढून घेणारा हा माणूस स्वतः एका राजाच्याच आश्रयाने उभा होता. ही विसंगती नायडूंची नव्हती, त्या काळाची होती. फरक इतकाच की, होळकरांनी नायडूंना खेळू दिले. आपण खेळाडू असल्याचे भासवून त्यांच्या पुढे उभे राहण्याचा मोह त्यांनी धरला नाही. अन्यत्र मात्र हा मोह अनेकांना आवरला नाही.

११ षटकारांचा दिवस

१९२६-२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर त्याची गाठ हिंदू संघाशी पडली. हा जिमखाना गोऱ्या साहेबांचा होता आणि हिंदी माणसाला तेथे सदस्यत्व मिळत नसे. पाहुण्यांच्या गाय अर्ल या धिप्पाड फलंदाजाने ८ षटकारांसह १३० धावा फटकावल्या, तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांनी ताकद म्हणजे काय असते ते पाहून घेतले.

१ डिसेंबर रोजी नायडू फलंदाजीला आले. दोन तासही पुरे झाले नाहीत, तोच त्यांच्या नावावर १५३ धावा लागल्या होत्या. त्यांत तब्बल ११ षटकार होते. एक फटका तर जिमखान्याच्या छपरावर जाऊन आदळला. बातमी शहरात पसरली तशी कचेऱ्यांतील आणि दुकानांतील माणसे कामे टाकून मैदानाकडे धावली, आसपासची झाडे आणि गच्च्या माणसांनी भरल्या, असे त्या दिवसाचे वर्णन केले जाते. पाहुण्या संघाने या खेळीचा गौरव म्हणून नायडूंना चांदीची बॅट भेट दिली.

या खेळीचे महत्त्व धावफलकापुरते नव्हते. इंग्लंडहून आलेल्या पूर्ण ताकदीच्या गोलंदाजीवर एक हिंदी फलंदाज अशी हुकमत गाजवू शकतो, हे पाहिल्यावर हिंदुस्थानच्या कसोटी दर्जाच्या मागणीला वजन आले. डिसेंबर १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि अवघ्या चार वर्षांत कसोटीचे दार उघडले. परंतु प्रेक्षकांच्या दृष्टीने त्या दिवसाचा अर्थ याहूनही सरळ होता. ज्या इमारतीत आपल्याला पाऊल टाकता येत नाही, तिच्या छपरावर आपल्यापैकी एकाने मारलेला चेंडू जाऊन पडतो, हे दृश्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यासाठी कोणतेही भाषण करावे लागले नाही.

चित्रातला खेळाडू

नायडूंचा जन्म झाला त्याच १८९५ साली, फेब्रुवारी महिन्यात, अमेरिकेतील बाल्टिमोर येथे बेब रूथ हा बेसबॉलपटू जन्मला. बेसबॉलमध्ये चेंडू मैदानाबाहेर मारला की त्याला होम रन म्हणतात. आपल्या षटकाराचाच तो भाऊ. नायडूंनी मुंबईत ११ षटकार मारले, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, रूथने एका हंगामात ६० होम रन मारून अमेरिकेला वेड लावले. दोन खंडांतील दोन समवयस्क, दोघेही चेंडू हवेतून दूर धाडणारे आणि दोघेही सामान्य माणसाचे लाडके.

मात्र दोघांच्या देशांत एक मोठा फरक होता. अमेरिकेत बेसबॉलला चित्रकार लाभले. 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' सारख्या साप्ताहिकांची रंगीत मुखपृष्ठे लाखो घरांत जात आणि त्यांवर हा खेळ वारंवार अवतरे. नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने १९४८ साली शिकागोच्या हरत चाललेल्या संघाचे, लाजेने मान खाली घातलेल्या मुलासह, चित्र काढले. १९४९ साली पावसाकडे चिंतेने पाहणारे तीन पंच रंगवले. विजयी वीरांपेक्षा हरणारे, वाट पाहणारे, नवखे असे खेळाडू त्याला अधिक भावले. त्यामुळे तेथील खेळ चित्रांतून घराघरांत मुरला आणि पिढ्यानपिढ्या टिकून राहिला.

आपल्याकडे रंगीत मुखपृष्ठांची परंपरा फुलली ती दिवाळी अंकांतून. गोव्याच्या मातीतून आलेल्या दीनानाथ दलालांनी आणि रघुवीर मुळगावकरांनी मराठी घरांत चित्रे पोहोचवली. परंतु त्या मुखपृष्ठांचे विषय प्रामुख्याने देवदेवता, ललना, निसर्ग आणि इतिहास हे राहिले. क्रिकेटपटूला तेथे तसे स्थान मिळाले नाही. नायडूंची प्रतिमा लोकांपर्यंत पोहोचली ती वर्तमानपत्रांतील काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांतून, ऐकीव गोष्टींतून आणि जाहिरातीतून. १९४१ साली बाथगेट लिव्हर टॉनिक या औषधाच्या जाहिरातीत ते झळकले. एखाद्या मालासाठी आपले नाव आणि चेहरा देणाऱ्या पहिल्या भारतीय क्रिकेटपटूंत त्यांची गणना होते. आज क्रिकेटपटूंच्या चेहऱ्यांवाचून एकही वस्तू विकली जात नाही असे वाटावे इतकी जाहिरातींची रेलचेल आहे. तिची सुरुवात पंचेचाळिशीतल्या या कर्नलपाशी येऊन पोहोचते. तंदुरुस्ती विकायची तर नायडूंहून अधिक विश्वासार्ह चेहरा त्या वेळी देशात क्वचितच असेल.

लॉर्ड्सवरील नेतृत्व

१९३२ साली भारताचा पहिला अधिकृत कसोटी संघ इंग्लंडला निघाला. संघ निवडताना कर्णधारपदाचा प्रश्न आला, तेव्हा खेळाहून राजवस्त्रांचा विचार आधी झाला. वेगवेगळ्या प्रांतांचे आणि धर्मांचे खेळाडू एखाद्या संस्थानिकाच्याच हुकमतीखाली एकत्र राहतील, अशी तेव्हाची समजूत होती. कर्णधार म्हणून पोरबंदरच्या महाराजांची, तर उपकर्णधार म्हणून लिंबडीचे राजपुत्र घनश्यामसिंहजी यांची नेमणूक झाली. संघातील सर्वोत्तम खेळाडू असलेले नायडू या दोघांच्या मागे होते.

पोरबंदरच्या महाराजांचा खेळ यथातथाच होता. त्या दौऱ्यातील प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांच्या धावांची बेरीज दोनच्या पुढे गेली नाही. परंतु आपली मर्यादा ओळखण्याचा मोठेपणा त्यांच्याकडे होता. लॉर्ड्सच्या कसोटीतून ते स्वतःहून बाजूला झाले, उपकर्णधारही खेळले नाहीत आणि २५ जून १९३२ रोजी भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व नायडूंकडे आले. त्या वेळी त्यांचे वय ३६ वर्षांचे होते. या वयात आजचे बहुतेक खेळाडू निवृत्तीच्या विचारात असतात.

पहिल्या सकाळी मोहम्मद निसार यांच्या वेगवान माऱ्याने इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी करून सोडली. जगातील सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक असलेला संघ क्रिकेटच्या काशीत अर्ध्या तासाच्या आत चाचपडू लागला. पुढे इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन याने दोन्ही डावांत चिवट खेळ करून संघाला सावरले. निसारने पहिल्या डावात ५ बळी घेतले. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला दुखापत झाली. तरीही पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक, म्हणजे ४० धावा त्यांच्याच होत्या. भारताने तो सामना १५८ धावांनी गमावला. पण पहिल्या पावलातच हा संघ नवशिका वाटला नाही.

संपूर्ण दौऱ्यात प्रथम दर्जाच्या सामन्यांत नायडूंनी १६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. त्यांच्या षटकारांच्या कथा इंग्लंडभर पसरल्या. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावरून त्यांनी मारलेला एक चेंडू शेजारच्या रिया नदीपलीकडे गेला. ती नदी दोन परगण्यांची सीमा असल्यामुळे हा षटकार एका परगण्यातून दुसऱ्यात पडला, असे आजही गंमतीने सांगितले जाते. १९३३ साली 'विस्डेन' या क्रिकेटच्या वार्षिक ग्रंथाने वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत नायडूंचा समावेश केला. हा मान मायदेशाच्या संघाकडून खेळून मिळवणारे ते पहिले भारतीय.

पुढच्या हिवाळ्यात जार्डिनचा संघ हिंदुस्थानात आला. भारतभूमीवरील पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये त्याच बॉम्बे जिमखान्यावर खेळली गेली. नायडू कर्णधार होते. दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांनी ११८ धावा करून भारताचे पहिले कसोटी शतक नोंदवले, तेव्हा दुसऱ्या टोकाला ६७ धावा करणारे नायडू होते. या दोघांनी १८६ धावांची भागीदारी रचली. सामना हरला, पण सात वर्षांपूर्वी ज्या मैदानावर नायडू पाहुण्यांना भिडले होते, त्याच मैदानावर आता ते देशाचे कर्णधार म्हणून उतरले होते.

नाकारलेले पद

गुणांचा हा विजय टिकाऊ मात्र ठरला नाही. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधारपदाची माळ विजयानगरमच्या महाराजकुमारांच्या गळ्यात पडली. क्रिकेटच्या इतिहासात ते विझी या नावाने ओळखले जातात. त्यांच्याकडे पैसा होता, दरबारी वजन होते आणि मैदानाबाहेरचे डाव खेळण्याची हातोटी होती. मैदानावरील कर्तृत्वाच्या बाबतीत मात्र त्यांची आणि नायडूंची तुलना होऊ शकत नव्हती. तो दौरा गटबाजीने पोखरला गेला. चांगल्या भरात असलेल्या लाला अमरनाथांना शिस्तभंगाच्या नावाखाली अर्ध्या दौऱ्यातून मायदेशी धाडण्यात आले. दौऱ्यातच महाराजकुमारांना सर हा किताब मिळाला. ज्यांनी खेळावे त्यांची गळचेपी झाली आणि ज्यांनी पाहावे त्यांचा गौरव झाला.

नायडूंना आपल्याहून कितीतरी कमी कुवतीच्या कर्णधाराच्या हाताखाली तिन्ही कसोटी सामने खेळावे लागले. ते खेळले. ओव्हलवरील अखेरच्या कसोटीत गबी ॲलन यांचा एक चेंडू त्यांच्या अंगावर जबर आदळला. वेदना गिळून ते उभे राहिले आणि ८१ धावा काढल्या. तो त्यांचा शेवटचा कसोटी डाव आणि सर्वोच्च कसोटी धावसंख्याही. पुढे दुसरे महायुद्ध आले आणि भारत थेट १९४६ मध्ये पुन्हा कसोटी खेळला, तोवर नायडूंनी पन्नाशी ओलांडली होती. ७ कसोटी, ३५० धावा, ९ बळी एवढ्यातच त्यांचा कसोटी हिशेब आटोपतो. कसोटी दर्जा मिळाला तोवर उमेदीची वर्षे निघून गेलेली आणि उरलेल्या काळात राजकारण आड आलेले. या आकड्यांवरून नायडूंना मोजणारा माणूस त्यांच्या उंचीचा अंदाज बांधूच शकणार नाही.

अर्थात नायडूंच्या बाजूनेही सारे गोडीगुलाबीचे होते असे नाही. त्यांचा स्वभाव करारी, शब्द कडक आणि वागणे काहीसे अलिप्त होते. सहकाऱ्यांशी थट्टामस्करीत रमणारे ते कर्णधार नव्हते. अनेकांना त्यांचा धाक वाटे, काहींना रागही येई. हा कडकपणा १९३२ आणि १९३६ च्या दौऱ्यांत काही खेळाडूंना जाचला आणि विरोधकांनी त्याचा फायदा उठवला. त्याच कडकपणाने पुढे इंदूरला मोठे केले, हे मात्र नाकारता येत नाही.

होळकरांचा संघ

रणजी करंडक स्पर्धेत १९४१-४२ पासून इंदूरचा संघ होळकर या नावाने उतरू लागला. मुंबई, बडोदा अशा बलाढ्य संघांसमोर माळव्यातील या संस्थानाचा निभाव लागेल असे कोणाला वाटले नसते. परंतु नायडूंनी संघ बांधायला घेतला. इंदूरचेच मुश्ताक अली, बंधू सी. एस. नायडू, चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड असे नामवंत त्यांच्या छत्राखाली एकत्र आले. कोणी मराठी, कोणी तेलुगू, कोणी उर्दू बोलणारे. चौरंगी सामन्यांत धर्मानुसार विभागली जाणारी माणसे येथे एका संस्थानच्या टोपीखाली खांद्याला खांदा लावून खेळत होती.

नायडूंची शिस्त लष्करी होती. वेळेवर उठणे, व्यायाम चुकवू नये, क्षेत्ररक्षणात अंगचोरपणा करू नये, चेंडू लागला तरी चोळत बसू नये, असा त्यांचा दंडक असे. जे इतरांना सांगत ते स्वतः आधी पाळत. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसून दात पडले. वय ५६ वर्षांचे. त्यांनी दात बाजूला सारले, उपचारासाठी तंबूत जाणे नाकारले आणि पुन्हा पवित्रा घेतला, ही हकिकत होळकर संघाच्या आठवणींत अजूनही सांगितली जाते.

या शिस्तीचे फळ काय मिळाले? नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने नऊ हंगामांत आठ वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३ अशी चार वेळा ती जिंकली. पहिलीच अंतिम फेरी, १९४४-४५ ची, मुंबईविरुद्ध होती. तीत सी. एस. नायडूंनी दोन्ही डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. एका सामन्यात एका गोलंदाजाने टाकलेल्या चेंडूंचा हा प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील विक्रम आहे. त्या मोसमात सैनिक म्हणून हिंदुस्थानात असलेला डेनिस कॉम्प्टन हा इंग्रज पाहुणा होळकरांकडून खेळत होता आणि त्याने पराभवाच्या छायेत नाबाद २४९ धावा काढल्या. पराभव मोठा होता, पण दुसऱ्याच वर्षी इंदूरने त्याची भरपाई केली.

१९४५-४६ च्या हंगामात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावा करून डाव घोषित केला. त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके ठोकली आणि नायडू त्यांपैकी एक होते. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावांची खेळी केली. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या. वयाच्या पन्नाशीत, अंतिम सामन्यात, कर्णधाराने केलेले द्विशतक ही आजही विश्वास बसू नये अशी गोष्ट आहे.

१९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राज्य गेले, दरबार गेला, तरी होळकर या नावाने संघ आणखी काही वर्षे खेळत राहिला आणि जिंकतही राहिला. राजाचे राज्य संपल्यावरही त्याच्या नावाचा संघ टिकला, तो एका राजा नसलेल्या माणसाने घडवला होता म्हणून.

उत्तरायुष्य

नायडूंची निवृत्ती ही सतत पुढे ढकलली जाणारी गोष्ट होती. १९५६-५७ च्या मोसमात वयाच्या ६१व्या वर्षी ते उत्तर प्रदेशकडून रणजी सामने खेळले. १९६३-६४ मध्ये नागपूर येथील एका मदतनिधी सामन्यात ते अखेरचे प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळले, तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. १९१६ ते १९६४ अशी जवळपास ४८ वर्षे पसरलेली ही कारकीर्द. तीत २०७ प्रथम दर्जाचे सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी आहेत.

खेळाबाहेरही ते खेळाच्याच सेवेत राहिले. निवड समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, क्रिकेट मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून काम केले आणि आकाशवाणीवर समालोचनही केले. १९५६ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू पुढे इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या आणि भारतातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचकांत त्यांचे नाव घेतले जाते. पित्याच्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी लिहिले.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, हा प्रवास थांबला.

वारसा

नायडूंच्या इंदूरला रणजी करंडकासाठी नंतर फार वाट पाहावी लागली. होळकरांचे शेवटचे विजेतेपद १९५२-५३ चे. त्यांचा वारसा सांगणाऱ्या मध्य प्रदेश संघाने २०२२ साली, मुंबईलाच हरवून, करंडक जिंकला, तेव्हा जवळपास सात दशके उलटली होती. त्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या कडक शिस्तीची तेव्हा बरीच चर्चा झाली. इंदूरच्या जुन्या रसिकांना त्यात काही नवे वाटले नसावे.

भारतीय क्रिकेट मंडळ १९९४ पासून नायडूंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. युवकांचा करंडक त्यांच्या नावाचा आहे, तर देशांतर्गत टी-२० स्पर्धा त्यांच्याच हाताखाली घडलेल्या सय्यद मुश्ताक अली यांच्या नावाने खेळली जाते. १९८५-८६ पासून रणजी स्पर्धेत खेळणाऱ्या गोव्याचे खेळाडू या दोन्ही करंडकांसाठी झुंजतात. म्हणजे एका लहानशा संस्थानातील गुरु-शिष्यांच्या नावांशी आपल्या मुलांचा संबंध दरवर्षी येतो.

लहान राज्याला क्रिकेटमध्ये नेहमी एक गोष्ट ऐकवली जाते. मोठ्या शहरांकडे मैदाने आहेत, पैसा आहे, माणसे आहेत, तुमच्याकडे काय आहे, अशी ती गोष्ट. होळकरांच्या संघाकडे यापैकी फारसे काही नव्हते. बाहेरचे गुणी खेळाडू सामावून घेण्याचा मोकळेपणा, स्थानिक मुलांवरचा विश्वास आणि सर्वांना एकच नियम लावणारा कर्णधार, एवढे भांडवल होते. त्या भांडवलावर इंदूरने चार वेळा देशाचा करंडक जिंकला.

अमेरिकेच्या रंगीत मुखपृष्ठांवर जसे तेथील खेळाडू अमर झाले, तसे एखादे चित्र नायडूंच्या वाट्याला आले नाही. त्यांची प्रतिमा रेखाटली गेली ती प्रेक्षकांच्या मनात. सहा फुटांहून उंच, ताठ उभा असलेला एक माणूस, वर उचललेली बॅट आणि साहेबाच्या जिमखान्याच्या छपराकडे झेपावणारा चेंडू. ज्यांनी ते पाहिले ते आता हयात नाहीत. परंतु कर्णधार कोणाला करावे, या प्रश्नाला आज कोणी राजवंशाचे उत्तर देत नाही. नायडूंनी बॅटने मांडलेला युक्तिवाद अखेर देशाने मान्य केला, याहून मोठे स्मारक एखाद्या खेळाडूला क्वचितच लाभते.